संकेतस्थळाचे स्थलांतर आणि जुन्या पत्त्यांचे उत्तरदायित्व

बीजसंज्ञा : संकेतस्थळ, पुनर्निर्देशन, स्थितिक्रमांक, संदर्भक्षय, स्थायी अभिज्ञापक

प्रस्तावना :

महाविद्यालयाचे संकेतस्थळ नव्याने बांधून घेणे ही आता दर काही वर्षांनी घडणारी बाब झाली आहे. कधी नॅक मूल्यांकनाची तयारी हे निमित्त असते, कधी जुनी आज्ञावली चालेनाशी होते, तर कधी डॉट कॉम किंवा डॉट ओआरजी हा पत्ता सोडून एसी डॉट इन या शैक्षणिक पत्त्यावर जावयाचे असते. नवे संकेतस्थळ सुरू होते, मुखपृष्ठावर नवी छायाचित्रे झळकतात आणि त्याच दिवशी जुन्या संकेतस्थळावरील शेकडो पृष्ठांचे पत्ते निकामी होतात. ही दुसरी घटना सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. संस्थेतील मंडळी मुखपृष्ठावरून आत शिरतात आणि त्यांना सर्व काही जागच्या जागी सापडते. बाहेरचा वाचक मात्र मुखपृष्ठावरून येत नाही. तो एखाद्या प्रबंधाच्या संदर्भसूचीतून, अभ्यासक्रमातील वाचनयादीतून, मराठी विकिपीडियावरील तळटिपेतून किंवा शोधयंत्रातून थेट आतल्या पृष्ठावर येतो आणि 'पृष्ठ सापडले नाही' एवढेच वाचून परततो.

संस्था स्वतःच्या संकेतस्थळावरील दुवे बदलू शकते; परंतु इतरांनी जे छापले आहे ते तिला बदलता येत नाही. विद्यापीठाच्या ग्रंथालयात बांधून ठेवलेल्या प्रबंधातील पत्ता आता कायमचा तोच राहणार आहे. त्या पत्त्यावर येणाऱ्या वाचकाला योग्य जागी पोहोचविण्याचे काम केवळ एकच घटक करू शकतो, आणि तो म्हणजे जुना पत्ता ज्याच्या ताब्यात आहे तो सर्व्हर. या कामाला पुनर्निर्देशन म्हणतात. व्यवहारात रिडायरेक्ट हाच शब्द रूढ आहे. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेचे स्वरूप स्पष्ट करून तिच्यातील निर्णय हे मूलतः तांत्रिक नसून विद्याविषयक कसे आहेत, हे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

समस्येची व्याप्ती :

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच एका टिपणात असे प्रतिपादन केले होते की, पत्ते आपोआप बदलत नाहीत, माणसे ते बदलतात. त्यानंतरचा अनुभव त्यांच्या चिंतेला पुष्टी देणाराच आहे. जोनाथन झिट्रेन, केंद्रा अल्बर्ट आणि लॉरेन्स लेसिग यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हार्वर्ड लॉ रिव्ह्यू व अन्य विधी नियतकालिकांतील ७० टक्क्यांहून अधिक दुवे मूळ मजकुरापर्यंत नेत नसल्याचे आढळले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांतील दुव्यांबाबत हे प्रमाण ५० टक्के होते. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२४ मधील पाहणीनुसार २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपृष्ठांपैकी ३८ टक्के पृष्ठे दहा वर्षांनंतर उपलब्ध नव्हती.

या अभ्यासांच्या संदर्भात संदर्भक्षय ही संज्ञा वापरली जाते. तिच्या पोटात दोन वेगळ्या गोष्टी येतात. पहिली, पत्ता अजिबात न उघडणे. दुसरी, पत्ता उघडणे पण तेथे वेगळाच मजकूर असणे. पहिली गोष्ट निदान लक्षात तरी येते. दुसरी अधिक घातक आहे, आणि निष्काळजी पुनर्निर्देशनाने तीच निर्माण होते, हे पुढील विवेचनात स्पष्ट होईल.

पुनर्निर्देशन म्हणजे काय ? :

वाचकाच्या ब्राउझरने एखाद्या पृष्ठाची मागणी केली की सर्व्हर मजकुराच्या आधी एक तीन अंकी स्थितिक्रमांक पाठवितो. २०० म्हणजे मागणी पूर्ण झाली. ४०४ हा क्रमांक तर सर्वांच्याच परिचयाचा आहे. ३ या अंकाने सुरू होणाऱ्या क्रमांकांतील येथे महत्त्वाच्या क्रमांकांचा आशय 'मागितलेली वस्तू येथे नाही, अमुक ठिकाणी पाहा' असा असतो आणि त्यांच्यासोबत नवा पत्ता दिलेला असतो. ब्राउझर तो वाचून तत्काळ दुसरी मागणी करतो. वाचकाला या मधल्या संवादाची जाणीवही होत नाही. घर बदललेल्या माणसाच्या पत्रावर पोस्टमनने जुना पत्ता खोडून नवा लिहावा आणि पत्र पुढे धाडावे, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की पोस्टमन हे काम गावातील ओळखीवर करतो. सर्व्हरला कोणाची ओळख नसते. त्याला प्रत्येक पत्ता आधी सांगून ठेवावा लागतो.

३०१ आणि ३०२ हे क्रमांक १९९६ च्या एचटीटीपी १.० च्या दस्तऐवजापासून आहेत. ३०१ म्हणजे कायमचे स्थलांतर, ३०२ म्हणजे तात्पुरते. पुढे ३०३ व ३०७, आणि २०१४-१५ मध्ये ३०८ यांची भर पडली. जून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ९११० या दस्तऐवजात हे सर्व क्रमांक एकत्र आले आहेत. ३०७ आणि ३०८ यांची गरज का भासली, हे थोडक्यात सांगण्यासारखे आहे. वाचकाने अर्ज भरून पाठविलेली माहिती ३०१ किंवा ३०२ च्या मार्गाने पुढे जाताना ब्राउझर सामान्यतः टाकून देतात आणि नव्या पत्त्याची साधी मागणी करतात. प्रवेश अर्जाचा पत्ता ऐन हंगामात बदलला तर विद्यार्थ्याने भरलेली माहिती अशी गळून पडू शकते. ३०७ व ३०८ मध्ये ती जशीच्या तशी पुढे जाते. लेख, अहवाल, पुस्तिका इत्यादी केवळ वाचावयाच्या साहित्यासाठी मात्र ३०१ पुरेसा आहे.

३०१ आणि ३०२ यांतील निवड क्षुल्लक वाटते, पण तिचे परिणाम दूरगामी आहेत. ३०१ दिल्यावर शोधयंत्रे जुन्या पत्त्याऐवजी नवा पत्ता आपल्या सूचीत घेऊ लागतात आणि ब्राउझरही तो लक्षात ठेवू शकतो. त्यामुळे चुकीचा ३०१ मागे घेणे अवघड जाते. सर्व्हरवर दुरुस्ती केली तरी ज्या वाचकाच्या ब्राउझरने जुने उत्तर साठवून ठेवले आहे तो चुकीच्या जागीच जात राहतो. म्हणून प्रथम ३०२ देऊन तपासणी करावी आणि सर्व ठीक आहे अशी खात्री झाल्यावर ३०१ करावा, ही पद्धत सुज्ञपणाची होय. उलट बाजूस, अनेक संकेतस्थळांवर कायमचे स्थलांतर होऊनही ३०२ तसाच राहून गेलेला असतो. त्याचे एक साधे कारण असे की, अपाची या सर्व्हर-आज्ञावलीत पुनर्निर्देशनाची ओळ लिहिताना क्रमांक दिला नाही तर ती ओळ आपोआप ३०२ समजली जाते.

मुखपृष्ठाकडे धाडण्याची पळवाट :

प्रत्यक्षात सर्वाधिक आढळणारा प्रकार असा : जुन्या संकेतस्थळावरील कोणत्याही पृष्ठाची मागणी आली तरी वाचकाला नव्या संकेतस्थळाच्या मुखपृष्ठावर नेऊन सोडले जाते. एका ओळीत काम होते, ४०४ दिसत नाही आणि ठेकेदाराचे देयक मंजूर होते. वाचकाच्या दृष्टीने मात्र हे ४०४ पेक्षाही वाईट आहे. समजा, एखाद्याने २०१२ च्या अंकातील बोलीभाषाविषयक लेखाचा दुवा उघडला आणि त्याला प्राचार्यांचे मनोगत व स्नेहसंमेलनाची छायाचित्रे दिसली. आपला दुवा चुकला की लेख काढून टाकला, हेही त्याला कळत नाही. गूगलने तर अशा सरसकट मुखपृष्ठाकडे नेणाऱ्या उत्तरांना 'सॉफ्ट ४०४' असे नाव देऊन ती पृष्ठ न सापडल्यासारखीच गणली जाऊ शकतात, असे स्पष्ट केले आहे. गूगल स्कॉलरच्या मार्गदर्शक सूचना अधिक नेमक्या आहेत. लेखांचे पत्ते बदलल्यास प्रत्येक लेखाच्या जुन्या पत्त्यावरून त्याच लेखाच्या नव्या पत्त्याकडे ३०१ द्यावा आणि लेखांचे पत्ते मुखपृष्ठाकडे वळवू नयेत, असे त्यांत सांगितले आहे.

येथे प्रस्तुत लेखकाचे मत नोंदवितो. ३०१ हे केवळ यंत्राला दिलेले निर्देशन नाही; ते एक विधान आहे. 'तुम्ही जे मागितले तेच आता तेथे आहे' असे ते विधान असते. मुखपृष्ठाकडे दिलेला ३०१ हे असत्य विधान ठरते. आणि जे विधान आहे त्याची सत्यता कोणीतरी जबाबदारीने तपासावयास हवी. २००९ चा अभ्यासमंडळाचा अहवाल आणि आजचा अहवाल एक आहेत काय, एका प्राध्यापकाच्या लेखाची सुधारित आवृत्ती मूळ लेखाच्या जागी चालेल काय, या प्रश्नांची उत्तरे संकेतस्थळ बांधणाऱ्या कंपनीला कशी ठाऊक असणार ? ती विभागप्रमुखांना, नियतकालिकाच्या संपादकाला आणि ग्रंथपालाला ठाऊक असतात. म्हणूनच जुन्या आणि नव्या पत्त्यांचा तक्ता तयार करणे हे अध्यापकांचे व ग्रंथालयाचे काम आहे. तो तक्ता सर्व्हरवर चढविणे तेवढे तंत्रज्ञाचे.

या दृष्टीने पाहता काही पृष्ठांचे पुनर्निर्देशन करूच नये, असा निष्कर्ष निघतो. २०१५ च्या माहितीपुस्तिकेचा पत्ता चालू वर्षाच्या पुस्तिकेकडे वळविला की, २०१५ चे शुल्क किंवा नियम उद्धृत करणाऱ्याचा संदर्भ खोटा पडतो. वर उल्लेखिलेल्या संदर्भक्षयाचा दुसरा प्रकार तो हाच. जुनी पुस्तिका जुन्या पत्त्यावर राहू द्यावी आणि तिच्यावर 'ही २०१५ ची आहे' एवढी नोंद करावी. जे साहित्य खरोखरच काढून टाकले आहे त्यासाठी ४१० हा क्रमांक आहे. 'होते, आता नाही आणि परत येण्याची शक्यता नाही' असा त्याचा अर्थ. त्यासोबत दिसणाऱ्या पृष्ठावर काय होते आणि मुद्रित प्रत कोठे पाहता येईल हे लिहिण्यास काहीच हरकत नसते. मागे घेतलेल्या शोधलेखाबाबत मात्र ४१० देखील योग्य नाही. प्रकाशन-नीतीविषयक कोप या संस्थेची भूमिका अशी आहे की, असा लेख सर्वसाधारणपणे काढून न टाकता त्यावर तो मागे घेतल्याची ठळक सूचना असावी.

स्थलांतरापूर्वीची यादी :

जुने पत्ते गोळा करण्याचे काम स्थलांतरापूर्वीच व्हावयास हवे, कारण जुना सर्व्हर बंद झाल्यावर त्यावरील नोंदीही जातात. सर्व्हरच्या दैनंदिन नोंदवहीत कोणत्या पत्त्यांची मागणी प्रत्यक्षात होते हे दिसते. गूगल सर्च कन्सोलमध्ये बाहेरून आलेल्या दुव्यांची यादी मिळते. २००१ पासून सर्वांसाठी खुल्या असलेल्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये संस्थेचा पत्ता टाकल्यास पूर्वीच्या एखाद्या संकेतस्थळाचे विसरलेले पत्तेही हाती लागतात. याखेरीज नॅकच्या स्वयं-अध्ययन अहवालात पुराव्यादाखल दिलेले दुवे स्वतंत्रपणे तपासावेत. अहवाल सादर झालेला असतो, त्यातील पत्ते बदलता येत नाहीत, आणि ते न उघडल्यास पुरावाच नाही असा समज होण्यास वाव राहतो. अध्यापकांच्या पदोन्नतीच्या प्रस्तावातील लेखांचे दुवे हेही याच वर्गातले.

संग्रहात पीडीएफ फायली बहुसंख्य असतात, ही बाब येथे ध्यानात घेतली पाहिजे. पृष्ठाच्या आतच 'पाच सेकंदांनी पुढे जा' अशी सूचना लिहून ठेवण्याची जुनी युक्ती पीडीएफला लागू पडत नाही. तेथे सर्व्हरच्या पातळीवरील पुनर्निर्देशनच करावे लागते. सुदैवाने अपाचीमधील साधी पुनर्निर्देशनाची ओळ पत्त्याच्या आरंभीच्या भागावर काम करते. जुन्या पत्रिकेचा संपूर्ण फोल्डर नव्या नावाच्या फोल्डरकडे वळविला तर त्यातील वर्षांची उपफोल्डरे आणि फायलींची नावे आपोआप पुढे जातात. अर्थात, आतील रचना आणि नावे तीच ठेवली असतील तरच. नव्या संकेतस्थळावर फायली चढविताना त्यांना 'सुबक' नावे देण्याचा मोह टाळला तर हजार ओळींचे काम एका ओळीत होते.

याउलट, जुन्या संकेतस्थळावर पृष्ठांचे पत्ते प्रश्नचिन्हानंतर क्रमांक देऊन बनविलेले असतील तर ही साधी ओळ उपयोगी पडत नाही. प्रश्नचिन्हापुढील भाग तिच्या तुलनेत येतच नाही. त्यासाठी मॉड-रीराइटचे वेगळे नियम लिहावे लागतात. विंडोज सर्व्हरवरून लिनक्सवर जाताना आणखी एक अडचण उद्भवते. विंडोजवर रोमन लिपीतील मोठी व लहान अक्षरे सामान्यतः एकच मानली जातात, लिनक्सवर ती भिन्न ठरतात. त्यामुळे फायली जागच्या जागी असूनही निम्मे दुवे तुटल्यासारखे वाटतात. वर्डप्रेस वापरणाऱ्यांनी असे गृहीत धरू नये की, ती आज्ञावली हे सर्व सांभाळून घेईल. प्रकाशित 'पोस्ट'चा पत्ता बदलल्यास वर्डप्रेस जुना पत्ता लक्षात ठेवते. पण एकाखाली एक रचलेल्या 'पेज' या प्रकाराबाबत तसे घडत नाही, आणि महाविद्यालयांचे बहुतेक साहित्य नेमके त्याच प्रकारात असते.

देवनागरी पत्त्यांचा प्रश्न :

मराठी संकेतस्थळांना एक अधिकची काळजी घ्यावी लागते. पत्त्यात देवनागरी अक्षरे असली तरी सर्व्हरकडे जाताना त्यांचे टक्केचिन्हांकित रूपांतर होते. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात आणि प्रत्येक बाइट तीन रोमन चिन्हांनी लिहिला जातो. म्हणजे दहा चिन्हांच्या शीर्षकाचा पत्ता नव्वद चिन्हांचा होतो. मुद्रित संदर्भसूचीत असा पत्ता दोन-तीन ओळींत तुटतो आणि वाचकाला तो हाताने टंकणे अशक्य होते.

त्याहून सूक्ष्म अडचण अशी की, दिसावयास एकच असलेली अक्षरे संगणकाच्या लेखी वेगळी असू शकतात. 'ॲकॅडमी'मधील 'ॲ' हे एकच चिन्ह म्हणून टंकता येते, तसेच 'अ'वर अर्धचंद्र देऊनही टंकता येते. 'ऱ्हास'मधील 'ऱ'चेही असेच, एक स्वतंत्र चिन्ह किंवा 'र' आणि नुक्ता. डोळ्यांना फरक जाणवत नाही; पण तक्त्यात एक रूप आणि जुन्या पत्त्यात दुसरे असेल तर पुनर्निर्देशन चालत नाही. म्हणून देवनागरी पत्ते तक्त्यात पुन्हा टंकू नयेत. सर्व्हरच्या नोंदीतून जसेच्या तसे उचलावेत.

मराठी विकिपीडियाने या बाबतीत घालून दिलेला शिरस्ता अभ्यसनीय आहे. तेथे लेखाचे शीर्षक बदलले की जुन्या शीर्षकाच्या जागी सामान्यतः आपोआप पुनर्निर्देशनाचे पान राहते आणि त्यासाठीची खूणही '#पुनर्निर्देशन' अशी मराठीतच आहे. मात्र ही व्यवस्था एकच टप्पा ओलांडते. पहिल्या शीर्षकावरून दुसऱ्याकडे आणि दुसऱ्यावरून तिसऱ्याकडे अशी साखळी झाल्यास वाचक मध्येच थांबतो. त्यामुळे अशा दुहेरी पुनर्निर्देशनांची यादी काढून ती सरळ करावी लागतात. संकेतस्थळांवरही अशा साखळ्या नकळत तयार होतात. एचटीटीपीवरून एचटीटीपीएसकडे, तेथून डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेल्या पत्त्याकडे, तेथून नव्या फोल्डरकडे. १९९७ च्या दस्तऐवजात पाचाहून अधिक टप्पे नसावेत अशी शिफारस होती. गूगलचा संचारक दहा टप्प्यांपर्यंत जातो. परंतु प्रत्येक स्थलांतरात एकेक टप्पा वाढत गेला तर मंद इंटरनेटवरील वाचकाला तो जाणवतोच. नवे स्थलांतर करताना सर्व जुने पत्ते थेट अंतिम ठिकाणाकडे वळविणे इष्ट.

नाव बदलले तरी पत्ता तोच :

पुणे विद्यापीठाचे २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ असे नामांतर झाले, पण संकेतस्थळाचा 'युनिपुणे डॉट एसी डॉट इन' हा पत्ता कायम राहिला. परिणामी, केवळ नामांतरामुळे जुने संदर्भ तुटण्याचा प्रश्न उद्भवला नाही. पुनर्निर्देशनाची गरजच न पडणे ही सर्वांत चांगली स्थिती, हे यावरून दिसते. बर्नर्स-ली यांचा सल्लाही याच दिशेचा होता : पत्त्यात विभागाचे नाव, लेखकाचे नाव, दस्तऐवजाची तात्पुरती अवस्था किंवा आज्ञावलीची खूण घालू नये, कारण या सर्व गोष्टी बदलतात, निर्मितीचा दिनांक मात्र बदलत नाही.

डोमेनच बदलावे लागले तर जुने डोमेन सोडून देऊ नये. त्याचे वार्षिक शुल्क संस्थेच्या इतर खर्चाच्या तुलनेत नगण्य असते. परंतु नूतनीकरण चुकले तर ते कोणीही विकत घेऊ शकतो आणि मग प्रबंधाच्या संदर्भसूचीतील दुवा जुगाराच्या जाहिरातीवर उघडतो. पुनर्निर्देशन किमान एक वर्ष ठेवावे असे गूगल सांगते. ते शोधयंत्रापुरते ठीक आहे. छापील संदर्भाला वर्षाची मुदत नसते. आणखी एक खबरदारी : पुढचा पत्ता वाचकाच्या दुव्यातूनच घेऊन तिकडे नेणारी खुली व्यवस्था ठेवू नये. संस्थेच्या विश्वासार्ह नावाआडून कोणासही फसव्या संकेतस्थळाकडे नेता येते, आणि २०१३ च्या ओडब्ल्यूएएसपी सूचीत या दोषाचा समावेश दहा प्रमुख धोक्यांत केला होता.

जेथे सर्व्हर आपल्या ताब्यात नसतो तेथे यांपैकी काहीच करता येत नाही. ऑक्टोबर २००९ मध्ये जिओसिटीज बंद झाले तेव्हा तेथील पृष्ठांच्या लेखकांना जुन्या जागी नव्या पत्त्याची पाटी लावून ठेवता आली नाही. आज हीच जोखीम गूगल ड्राइव्हवर ठेवलेल्या दस्तऐवजांची आहे. तेथे फाईल एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलविली तरी दुवा तुटत नाही, हे खरे. पण ती एखाद्या अध्यापकाच्या वैयक्तिक खात्यात असेल तर ते खाते बंद होताच ती नाहीशी होते, आणि मागे वळवावयास काहीच उरत नाही.

स्थायी अभिज्ञापकांची व्यवस्था :

नियतकालिकांसाठी याहून पक्का उपाय म्हणजे पत्ता आणि ओळख यांची फारकत करणे. डीओआय ही व्यवस्था याच तत्त्वावर उभी आहे. लेखाला एक न बदलणारी खूण दिली जाते. ती खूण सध्या कोणत्या पत्त्याकडे नेते याची नोंद मध्यवर्ती ठिकाणी असते. प्रकाशक बदलला की नोंद बदलायची, खूण नाही. शोधगंगेवरील प्रबंधांना दिलेले हँडल क्रमांक याच कुळातले आहेत. गांधीनगर येथील इन्फ्लिबनेटच्या या संग्रहातील प्रबंधांच्या खुणा १०६०३ या उपसर्गाने सुरू होतात. संदर्भ देताना ब्राउझरच्या पट्टीतील लांबलचक पत्त्याऐवजी ही खूण उद्धृत करणे श्रेयस्कर ठरते.

लक्षणीय बाब अशी की, डीओआयची मध्यवर्ती सेवा वाचकाला पुढे धाडताना ३०१ नव्हे तर ३०२ देते. वरवर पाहता हे विचित्र वाटेल, पण त्यामागील तर्क अचूक आहे. त्या व्यवस्थेत कायमचा असतो तो डीओआय. प्रकाशकाचा पत्ता हाच तात्पुरता. मात्र ही खूणही स्वतःहून जिवंत राहत नाही. संपादक मंडळ बदलले, संकेतस्थळ हलले आणि मध्यवर्ती नोंद अद्ययावत करावयाचे राहून गेले की, डीओआय देखील ४०४ वरच पोहोचतो. ज्या महाविद्यालयीन नियतकालिकांनी डीओआय घेतले आहेत त्यांनी ही नोंद अद्ययावत करण्याचे काम संपादक म्हणून कोणा व्यक्तीकडे न ठेवता ग्रंथालयाच्या नेमून दिलेल्या कामांत समाविष्ट करावे आणि नोंदणीच्या खात्याचा तपशील पदभार देताना लेखी हस्तांतरित व्हावा.